वाट पाहणारे लोखंड

प्रोटॉन मरतो काय, हा प्रश्न कला शाखेच्या विद्यार्थ्याने विचारावा, याचे शास्त्र शाखेतील मित्रांना हसू येईल. येवो! इतिहासाच्या तासाला शतके मोजणाऱ्यांना आयुर्मानाचे कुतूहल असणारच.

विश्वाचे वय सुमारे १३८० कोटी वर्षे. १९७४ साली जॉर्जी आणि ग्लॅशो यांनी मांडलेल्या सिद्धान्तानुसार प्रोटॉनही अमर नाही. मात्र त्याचे सरासरी आयुष्य एकावर तीस-एकतीस शून्ये, इतक्या वर्षांचे. एवढी वाट पाहणार कोण? पण त्यालाही युक्ती आहे. एकाच प्रोटॉनपाशी जन्मभर बसण्यापेक्षा अगणित प्रोटॉन जमवून थोडीच वर्षे बसावे. एखादा लवकर फुटेलच. आणि किती फुटले यावरून आयुष्याचा हिशेब मांडता येईल.

१९८० च्या अखेरीस मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने जपानी शास्त्रज्ञांसह कोलारच्या सोन्याच्या खाणीत, २.३ किलोमीटर खोल, १४० टनांचे यंत्र उभारले. लोखंडाचे थर आणि मध्ये कणांची चाहूल टिपणाऱ्या नळ्या. एवढ्या लोखंडात प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून एकावर एकतीस शून्यांहून अधिक भरतात. भाकीत खरे असेल, तर वर्षाकाठी थोड्या तरी नोंदी मिळायला हव्यात!

माझे वडील विहिरी खोदायच्या कामावर जातात. घरात कॉलेजची पायरी चढलेला मीच पहिला. त्यामुळे वाचलेले त्यांना सांगायची मला खोड आहे.

"येवढ्या खाली कशापायी?" त्यांनी विचारले.

आभाळातून कणांचा पाऊस सतत पडत असतो, त्या गर्दीत फुटलेला प्रोटॉन ओळखू येणार नाही, खडक तो पाऊस अडवतो, असे मी सांगितले. खडक म्हटल्यावर त्यांना पटले.

"मग घावलं का?"

कोलारला काही संशयास्पद खुणा मिळाल्या होत्या. पण न्यूट्रिनो हा कण कितीही खडक असला तरी आरपार येतो आणि तशाच खुणा उमटवतो. इतर देशांतल्या मोठ्या यंत्रांनीही दुजोरा दिला नाही. जपानात कामिओकाच्या खाणीत १९९६ पासून ५०,००० टन पाण्यावर पहारा चालू आहे. तिथेही प्रोटॉन फुटलेला नाही. त्यावरूनच कळले, की पॉझिट्रॉन व पायॉन होऊन फुटायचे, तर प्रोटॉनचे आयुष्य एकावर चौतीस शून्यांहूनही मोठे हवे. तो मूळ सिद्धान्त, निदान त्याच्या साध्या रूपात, त्यामुळे मोडीत निघाला. काहीच न दिसण्याने केवढे मोजून झाले!

"म्हंजे कोरडी लागली," वडील म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात त्यांनी खोदलेली एक विहीर सत्तर फुटांवरही कोरडी निघाली. मालकाने राहिलेली मजुरी दिली नाही. तिथे पाणी नाही हे गावाला कळले, ते यांच्याच घामाने. पण त्याचे पैसे कोण देतो?

थोडा वेळ ते गप्प बसले. मग म्हणाले, "त्या खाणीतल्या लोकांस्नी पगार मिळाला का रं?"

"मिळाला असणार, आबा."

"बरं झालं," ते म्हणाले आणि पहारीला धार लावायला उठले.