गोठ्यातली वायर

अंबड तालुक्यातल्या आमच्या गावात मी विज्ञान शिकवतो. दहावीला ‘विद्युतधारेचे परिणाम’ हा धडा असतो. त्यामुळे घरामागच्या पत्र्याच्या गोठ्यात लाईट घ्यायची ठरली, तेव्हा आयटीआय झालेल्या पोराला बोलवणं मला कमीपणाचं वाटलं. वीज मला कळते, त्याला फक्त पक्कड धरता येते, असा माझा समज. समज कसला, माज.

घरातल्या बोर्डातून दोन वायरी काढल्या, पत्र्याला भोक पाडून आत घेतल्या. एक बल्ब, कडबाकुट्टीला एक सॉकेट. अर्थिंगला फाटा. घरात एमसीबी आहे की!

आई म्हणायची, “अरे, पावसाळ्यात पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात.” मी म्हणायचो, साखर तपासून घेऊ. ती गोठ्यात अनवाणी जाते, मी रबरी चपलेत. एवढंही ध्यानात आलं नाही. गाय दाराशी अडायची. तिला मी काठीनं हाणून आत घातलं. चारी पाय ओल्यात, अंगाला पत्रा. तिला कळलं होतं, मास्तरला नाही.

आषाढातल्या झडीत एके सकाळी आई धारेची बादली तिथंच टाकून ओट्यावर येऊन बसली. हात चोळत होती. काही बोलली नाही. मी त्या पोराला फोन केला.

जालन्याच्या एमआयडीसीत, सळयांच्या कारखान्यात काम करून आलेला तो. त्यानं टेस्टर पत्र्याला टेकवला, दिवा लागला. मग माझी वायर तशीच ठेवून विजेची गळती पकडणारं ३० मिलिअँपियरचं ईएलसीबी जोडलं आणि खटका वर केला. खट्. पडला. पुन्हा वर, पुन्हा खट्. तिसऱ्यांदा त्यानं मला करायला लावलं. माझ्या बोटाखालून खटका निसटला.

“सर, एमसीबी वायर जळू नये म्हणून असते. १६ अँपियरची आहे तुमची. माणूस त्याच्या लई आधी जातो.”

२३० व्होल्ट. ओल्या अंगाचा रोध धरा १००० ओहम. भागाकार केला तर ०.२३ अँपियर. जीव घ्यायला पुरे, आणि १६ च्या खटक्याला पत्ताही नाही. ओहमचा नियम मी किती वर्षं फळ्यावर लिहितोय, पण हे गणित कधी घातलं नाही.

भोकाच्या धारेला घासून वायर सोलली होती. त्यानं पाईपातून तीन तारांची केबल नेली, हिरवी वायर अँगलला आवळली, कोपऱ्यात खड्डा घेऊन कोळसा-मिठात तांब्याची प्लेट पुरली. उन्हाळ्यात काळी माती भेगाळली की इथं पाणी ओतत जा, म्हणाला.

जाताना जुन्या वायरीचं भेंडोळं उचलून त्यानं विचारलं, “सर, ही कोणी ओढली होती?”

“होता एक जण गावातला,” मी म्हणालो.

आई दारातच उभी होती. तिनं त्याला चहा घेऊन जायला सांगितलं.