पायउतार

अंगावर काही चढवण्याचे कौतुक आपल्या समाजात फार. मुंजीतले जानवे, लग्नातल्या मुंडावळ्या, नव्या सुनेचा शालू, या साऱ्यांना मुहूर्त असतो, पाहणारे असतात, फोटो असतात. पण त्या मुंडावळ्या सोडल्या कोणी आणि पुढे त्या गेल्या कुठे, हे एका तरी नवरदेवाला आठवते काय? चढवण्याचा समारंभ होतो. उतरवणे ज्याचे त्याने कोपऱ्यात जाऊन उरकायचे असते. तरुणपणी हे निभून जाते. साठी उलटली, की मात्र उतरवणे हाच दिवसातला एक मोठा उद्योग होऊन बसतो. आणि उतरवायची वस्तू म्हणजे डॉक्टरांनी दिलेले घट्ट दाबाचे पायमोजे असतील, तर विचारूच नका!

हे मोजे आमच्या घरी आले ते सौभाग्यवतीच्या पायांसाठी. आम्ही मोहन्याचे. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलात, की शहाडनंतर आंबिवली लागते, तिथे उतरायचे. उल्हास नदीच्या काठचे हे आमचे गाव. हिने तीस वर्षे शाळेत शिकवले, म्हणजे तीस वर्षे फळ्यापाशी उभी राहिली. मी तेवढीच वर्षे हिशेबाच्या वह्यांपुढे बसून काढली. निवृत्तीनंतर शरीराने दोघांचाही हिशेब चुकता केला. माझ्या वाट्याला पाठ आली, हिच्या वाट्याला पाय.

पोटरीवर निळसर शिरा दोरीसारख्या वळून आल्या होत्या. संध्याकाळी घोट्याशी सूज येई आणि त्यावर बोट दाबले तर खळगा राही. घोट्याच्या आतल्या बाजूची कातडी हळूहळू काळपट पडू लागली, तेव्हा लेक हट्टाने तिला कल्याणच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर समजावून सांगणारे होते. ते म्हणाले, "बाई, हृदय रक्त खाली पाठवते, पण ते वर परत आणायचे काम मुख्यतः पोटरीचे. चालताना पोटरीचे स्नायू आवळले, की शिरांतले रक्त वर ढकलले जाते. ते पुन्हा खाली घसरू नये म्हणून शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. तुमच्या झडपा थकल्या आहेत."

हिला शिकवण्याची सवय, त्यामुळे शिकण्याचीही. घरी येऊन तिने मला सगळा धडा ऐकवला. शिरांतल्या या झडपांवर इटलीतल्या पादुआ शहरच्या फॅब्रिशियसने १६०३ साली पुस्तक छापले. त्याचाच शिष्य विल्यम हार्वे. रक्त शरीरभर फिरून हृदयाकडे परत येते, हे त्याने १६२८ साली जगापुढे मांडले, आणि त्याच्या पुराव्यांत गुरूने दाखवलेल्या या झडपाही होत्या. माणूस नुसता उभा राहिला, तर घोट्याजवळच्या शिरेतला दाब पाऱ्याच्या सुमारे ९० मिलिमीटरपर्यंत जातो. चालू लागला, की तो निम्म्याहून खाली येतो. म्हणजे चालणाऱ्यापेक्षा उभ्या राहणाऱ्याचे पाय अधिक शिणतात. शिक्षिका, बसचा वाहक, पोलीस, न्हावी आणि दिवाळीच्या आधी चार दिवस शेगडीपाशी उभ्या राहून चकल्या तळणारी प्रत्येक घरची बाई, सगळे एकाच यादीतले.

यावर उपाय म्हणून हे मोजे. लवचीक रबरी धाग्यांचे मोजे एकोणिसाव्या शतकातच निघाले होते. पण आजच्या मोज्याची युक्ती एका इंजिनियरची. अमेरिकेतल्या टोलेडो शहरी कॉनराड जोब्स्ट नावाचे गृहस्थ राहत. त्यांना स्वतःलाच पायांच्या शिरांचे दुखणे होते, जखमा भरून येत नसत. पोहण्याच्या तलावात उभे राहिले, की पायांना आराम पडतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पाणी जितके खोल तितका त्याचा दाब अधिक. म्हणजे घोट्याला सर्वांत जास्त आणि वर येताना कमी कमी. मग असाच दाब देणारा मोजा का विणू नये? १९५०च्या सुमारास त्यांनी तो तयार केला. विहिरीत उतरणारा प्रत्येक माणूस जे अंगाने अनुभवतो, ते एका दुखणेकऱ्याने कापडात विणले!

असा हा तलाव पायात घालून हिंडायचे. तो सकाळी अंथरुणातून उठण्याआधी, पायांवर सूज नसताना घालायचा आणि रात्री झोपताना काढायचा. घालण्याच्या पुष्कळ युक्त्या दुकानदाराने दाखवल्या. भांडी घासण्याचे रबरी हातमोजे घालून कापड तळव्यांनी वर सरकवायचे. आधी पावलावर गुळगुळीत कापडाची पिशवी चढवायची, म्हणजे मोजा तिच्यावरून घसरत वर जातो आणि मग बोटांकडच्या उघड्या तोंडातून ती पिशवी ओढून घ्यायची. ही पिशवी हिला फार आवडली, कारण तिच्यामुळे पायांतली जोडवी मोज्यात अडकत नसत. सकाळचा प्रश्न मिटला. मोज्यांची खरी लढाई रात्री असते, हे आम्हांला पुढे कळले.

दिवसभराच्या घामाने मोजा कातडीला चिकटलेला. हिच्या बोटांची पेरे संधिवाताने सुजलेली, गुडघे वाकत नाहीत. वरची कड गुडघ्याखालपर्यंत असते, तिथवर हात पोचतो, मोजा घोट्यापर्यंत उलटाही होतो. पण टाच आली, की गाडी थांबली! जोर लावून ओढावे, तर कापड दुमडून घोट्याभोवती त्याची घट्ट दोरी होते, आणि तशी दोरी राहू देणे म्हणजे पायाला गळफास. एकदा ओढण्याच्या नादात नख लागले. वयाने पातळ झालेली कातडी, त्यातून तिथले रक्त आधीच तुंबलेले. तेवढासा ओरखडा भरून यायला सहा आठवडे लागले. पट्टी बदलताना डॉक्टर म्हणाले, "थोडक्यात निभावलं. अशा जागी जखम चिघळली, तर महिनोन् महिने घेते."

तुम्ही म्हणाल, मग नवरा कशासाठी आहे? मी तेच म्हणत होतो. पहिल्याच रात्री मी पाटावर बसून हात पुढे केला. ही विंचू चावल्यासारखी पाय आखडून घेत म्हणाली, "अहो, काहीतरीच काय! तुम्ही माझ्या पायांना हात लावायचा नाही."

"अगं, औषध आहे ते."

"औषध असो नाहीतर अमृत असो. रात्री तुमच्याकडून पाय धरवून घेऊन मला झोप लागेल का?"

आमच्या संसाराला त्रेचाळीस वर्षे झाली होती. या त्रेचाळीस वर्षांत तिने माझ्या पायांना तेल चोळले, तापात माझी डोकी चेपली, आणि तिच्या पायांना माझा एक हात लागायचा, तर आकाश कोसळत होते! मी शास्त्र सांगितले, पुराण सांगितले, शेवटी रागावलो. तिने एवढेच म्हटले, "पाप-पुण्य राहू द्या हो. पण रोज रात्री कुणाची तरी वाट पाहायची, आणि त्यांनी हातातलं काम टाकून यायचं, हे मला जमणार नाही."

मग जे व्हायचे तेच झाले. डोंबिवलीची लेक मुक्कामाला येणार असेल, त्या दिवशी मोजे चढत. एरवी ते कपाटात. विचारले, की उत्तर तयार असे: "आज कुठे फार उभं राहायचंय?" घोट्याचा काळा डाग मात्र आपला पसरत होता.

आमच्या शेजारच्या नानांची गोष्ट याच्याही पुढची. मोहन्याचे नाव ज्या कारखान्यामुळे दूरवर गेले, त्या नॅशनल रेयॉनमध्ये नानांनी उमर काढली. लाकडाच्या लगद्यापासून रेशमासारखा धागा काढणारा हा कारखाना. त्याच्या भोंग्यावर आमच्या गावाची घड्याळे लागत. २००९ साली तो बंद पडला. नाना यंत्रापाशी पाळ्या-पाळ्यांनी उभे राहिलेले, त्यामुळे त्यांच्याही पायांना तेच दुखणे आणि तेच मोजे. हातात मोजा घेऊन ते कापड चिमटीत चोळून पाहत नि म्हणत, "हा आपला धागा नव्हे. हा नायलॉन, आणि त्यात ते ताणणारं सूत." त्यांचे बरोबर होते. ते ताणणारे सूत १९५८ साली अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीत जोसेफ शिव्हर्स यांनी शोधले. पण धाग्याची जात ओळखणाऱ्या नानांना तो धागा पायांतून काढता येत नव्हता. पत्नी वारलेली, मुलगा परगावी. ते दोन-दोन, तीन-तीन दिवस मोजे घालूनच झोपत. एका रात्री पायांची आग होऊ लागली, तेव्हा त्यांनी चक्क कात्रीने मोजा कापला. महागाचा जोड होता. ते हसत हसत सांगत होते, आणि आम्हां दोघांना हसू येईना.

अशा वेळी लेकीने एक वस्तू आणली. हातभर लांबीचा दांडा, वर मुठीत नीट बसेल अशी पकड, आणि खाली बोथट, गुळगुळीत, किंचित वळलेले तोंड. बूट घालताना टाचेशी लावतात त्या पट्टीची थोरली बहीणच म्हणा ना! हिने ती उलटसुलट पाहिली आणि विचारले, "एवढंच?"

एवढेच. पाठ असलेल्या स्थिर खुर्चीवर बसायचे. पलंगाच्या कडेवर किंवा एका पायावर उभे राहून हा खेळ करायचा नाही. मोज्याची वरची कड तळव्यांनी सावकाश उलटी करत घोट्याच्या जरा वर आणायची. मग दांड्याचे तोंड मागच्या बाजूने त्या घडीत अडकवायचे आणि टाचेच्या कडेने खाली ढकलायचे. ओढायचे नाही, ढकलायचे. आमच्या मार्गावर कसाऱ्याला इगतपुरीचा घाट चढण्यासाठी गाडीच्या मागे जादा इंजिन लावतात, तसे हे टाचेच्या घाटाचे इंजिन. टाच ओलांडली, की पुढचे पाऊल सपाटीचे. त्याच तोंडाने बोटांवरून मोजा अलगद सरकवला, की तो जमिनीवर. कमरेत वाकणे नाही, नखे नाहीत, बांगडीचा ओरखडा नाही. जोडव्यांपाशी जरा दमाने घ्यावे लागते, एवढेच.

पहिल्या रात्री एका पायाला दहा मिनिटे लागली. मी मुकाट्याने वर्तमानपत्र धरून बसलो होतो. चौथ्या रात्री मला पत्ताही नव्हता, आणि ही मोजे धुऊन दांडीवर टाकून आली होती.

त्या दांडीकडे पाहताना मला एक गंमत वाटली. छताजवळच्या दांडीवर कपडे वाळत घालायला प्रत्येक घरात एक काठी असते. आपले हात तिथवर पोचत नाहीत, म्हणून काठी घ्यायला कोणाला लाज वाटत नाही. तापलेले पातेले उतरवायला सांडशी, पुरी उलटायला झारा. स्वयंपाकघर म्हणजे लांब केलेल्या हातांचा संग्रहच. पण तोच लांब हात आपल्या स्वतःच्या पायांपर्यंत न्यायचा म्हटले, की आपल्याला तो पांगळेपणा वाटतो. कोणीतरी प्रेमाने करील, असे आपण म्हणतो. करतीलही! पण प्रेमाने करणाऱ्याला दिवसातून एकदा हाक मारावी लागते, आणि ती हाक म्हाताऱ्या माणसाच्या घशाशी येऊन अडते. तिथे अडली, की औषध कपाटात जाते.

दोन गोष्टी मात्र डॉक्टरांनी बजावल्या होत्या, त्या सांगून टाकतो. पाय सुजले म्हणून कोणीही उठून हे मोजे घालू नयेत. काहींच्या पायांत रक्त नेणाऱ्या रोहिण्याच अरुंद झालेल्या असतात. त्यांना हा दाब अपाय करतो. म्हणून डॉक्टर आधी पावलावरची नाडी पाहतात, हाताचा आणि घोट्याचा रक्तदाब ताडून पाहतात. आणि नरकचतुर्दशीला तेल-उटणे अंगाला लागलेले असताना मोजे चढवू नका. तेलाने ताणणारा धागा लवकर मरतो. एरवीही रोज धुतलेला जोड सहा महिन्यांत सैलावतो.

आता हिचे मोजे रोज चढतात आणि रोज उतरतात. डाग गेला नाही, पण वर्षभरात वाढलेलाही नाही. गेल्या अंगारकीला ती टिटवाळ्याला रांगेत उभी राहून गणपतीचे दर्शन घेऊन आली.

आणि तो दांडा? तो एका रात्रीपुरता म्हणून नानांनी नेला. दुसऱ्या दिवशी मी मागायला निघालो, तर हिने मला दारातच थांबवले. म्हणाली, "राहू द्या त्यांच्याकडे. आपण नवा आणू. माझ्याकडे हाक मारायला माणूस तरी आहे."