पेडण्याची बुरशी, डिचोलीची धूळ

बेळगावहून जांबोटी-कणकुंबीमार्गे चोर्ला घाट उतरला की पहिले मोठे गाव लागते ते केरी. हे सत्तरीतले केरी. दुसरे केरी पेडणे तालुक्यात, तेरेखोलच्या मुखाशी, आणि तिसरे फोंडा तालुक्यात. सूरश्री केसरबाई केरकर या तिसऱ्या केरीच्या. आमच्या भागातले पुष्कळ लोक घाट उतरल्यावर पहिल्याच केरीला हात जोडून ‘हेच ते केसरबाईंचे गाव’ असे मुलांना सांगतात, म्हणून हा खुलासा. केसरबाईंची भैरवी १९७७ साली अमेरिकेच्या व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीत गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात त्या वारल्या. व्हॉयेजर-१ आता ताऱ्यांमधल्या अवकाशात पोहोचले आहे. त्या तबकडीसोबत ती वाजवायची सुई आणि कशी वाजवायची याची चित्रेही ठेवली आहेत. तिथे ना पावसाळा, ना बुरशी. गोव्यातल्या घरांमध्ये ज्या तबकड्या राहिल्या त्यांचे नशीब एवढे चांगले नव्हते.

मे महिन्याच्या अखेरीस सुटीत आम्ही उभयता चार दिवस गोव्यात गेलो ते समुद्रासाठी नव्हे. आईचे माहेर पेडण्याचे. मामा जाऊन बरीच वर्षे झाली. मामी ऐंशीच्या पुढे. दोघा मामेभावांनी घराच्या वाटण्या करायचे ठरवले होते आणि चवथीआधी घर रंगवायचे होते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत मामांच्या तबकड्या होत्या. बुरशीने पांढऱ्या पडलेल्या. ‘वाजत असतील तेवढ्या ठेवू, बाकीच्या भंगारवाल्याला,’ असे धाकट्याने फोनवर सांगितले. वाजतात की नाही हे धुतल्याशिवाय कळणार कसे? म्हणून आमचा चार वेगांचा जुना प्लेअर गाडीत घातला आणि निघालो.

वाटेत डिचोलीला मावशीकडे एक मुक्काम होता. तिच्याकडेही एकोणीस तबकड्या निघाल्या, सगळ्या नंतरच्या काळातल्या, एल.पी. आणि ई.पी. नाट्यसंगीत होते, हिंदी सिनेमा होता आणि लोर्ना व ख्रिस पेरी यांची कोकणी गाणी होती. मावशीचे घर रस्त्याला लागून. खनिजाच्या तेजीच्या दिवसांत या तालुक्यातून ट्रकांची रांग तुटत नसे. २०१८ साली न्यायालयाच्या निकालाने थांबलेले खाणकाम लिलावानंतर २०२४ पासून डिचोलीत पुन्हा सुरू झाले. पण मावशीच्या कपाटातली धूळ त्या जुन्या तेजीच्या काळातलीच असावी. कव्हरावर बोट फिरवले की बोट तांबडे होई.

ही धूळ साधी नव्हे. लोहखनिजाचा कण कठीण असतो आणि तबकडीचे प्लॅस्टिक मऊ. कोरड्या फडक्याने जोर लावून पुसले की तोच कण खाचेत नांगरासारखा फिरतो आणि मग आयुष्यभराची खरखर मागे लागते. म्हणून अशा तबकडीला आधी फडके लावायचेच नाही. तिरकी धरून वरून पाणी सोडायचे, कण वाहून जाऊ द्यायचे आणि मगच ब्रश.

आता साहित्याविषयी, कारण खर्चाचे कळल्याशिवाय आपल्याकडे कोणी पुढचे वाचत नाही. डिचोलीच्या बाजारात मी तीन वस्तू घेतल्या: बॅटरीत घालायच्या पाण्याचा पाच लिटरचा कॅन, मऊ केसांचे दोन रंगाचे ब्रश आणि भांडी घासायच्या पातळ साबणाची सर्वांत लहान पिशवी. सगळे मिळून तीनशे रुपयांच्या आत. नळाचे किंवा विहिरीचे पाणी शेवटच्या हाताला वापरू नये. त्यातले क्षार सुकल्यावर खाचेतच बसतात आणि सुईला खड्यासारखे लागतात. बॅटरीच्या पाण्यात क्षार नसतात आणि ते कुठल्याही पेट्रोल पंपावर मिळते. परदेशी यंत्रे आणि खास द्रावणे हजारो रुपयांना मिळतात. ज्याला परवडते त्याने घ्यावीत. मावशीच्या जुन्या धोतराच्या फडक्यांनी आमचे काम झाले.

लेबल भिजू नये यासाठी सौभाग्यवतीने युक्ती काढली. श्रीखंडाच्या डब्याची दोन झाकणे लेबलावर दोन्ही बाजूंनी दाबून धरायची. एका लिटर पाण्यात साबणाचे दोन-तीन थेंब, जास्त नाही. ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा, आडवा कधीही नाही. मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुवायचे आणि फडक्याने टिपायचे. वाळवायला उन्हात ठेवायचे नाही. मे महिन्याच्या उन्हात एल.पी. पापडासारखी वाकते. दुपारी बंद गाडीत ठेवली तरी तीच गत. आम्ही मावशीच्या स्वयंपाकघरातला ताटांचा स्टँड सावलीत आणला आणि त्यात तबकड्या उभ्या केल्या. आमच्या हिच्या माहेरी, हुबळीला, जेवणाच्या ताटालाही ‘तट्टे’ म्हणतात आणि ग्रामोफोनच्या तबकडीलाही ‘तट्टे’च. ‘तट्टे स्टँडात तट्टे,’ ही म्हणाली, आणि मावशीला त्याचा अर्थ समजावून सांगण्यात चहा थंड झाला.

धुतलेली तबकडी पहिल्यांदा वाजवली की सुईच्या टोकाला काळा कापूस जमतो. घाबरू नये. सैल झालेला मळ वर आलेला असतो. सुई मऊ ब्रशने मागून पुढे साफ करून पुन्हा वाजवावे. दुसऱ्या वेळी आवाज उघडतो. एकोणीसपैकी सतरा स्वच्छ वाजल्या. दोन वाकलेल्या होत्या. त्यांना इलाज नाही. मावशीच्या नातवाने पांढरा डिंक तबकडीवर ओतून, वाळल्यावर सालासारखा सोलून काढायचा उपाय सांगितला. वाकलेल्यांपैकी एकीवर करून पाहिला. साल अखंड निघाले आणि त्यावर धूळ उमटलीही. पण एका बाजूला अर्धी बाटली लागली आणि एक रात्र गेली. हौस म्हणून ठीक आहे. चार डझन तबकड्यांना तो नाद परवडत नाही.

डिचोली ते पेडणे रस्ता अस्नोड्यावरून, मग कोलवाळचा पूल. शापोरा नदी ओलांडली की हवा बदलते. खारट, जड. हे दोन्ही तालुके पोर्तुगीजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. पेडणे तर त्याआधी सावंतवाडीकरांचे. त्यामुळे जत्रेतली नाटके, दशावतार, भजन हे सारे इथे घट्ट राहिले, आणि ज्या घरात ग्रामोफोन आला त्या घरात मराठी नाट्यपदेही आली. आजोबांनी घेतलेल्या तबकड्यांत पदेच जास्त होती.

मामांच्या ट्रंकेत चव्वेचाळीस तबकड्या होत्या. बहुतेक ७८ फेऱ्यांच्या, म्हणजे लाखेच्या. हा फरक वाचकांनी नीट लक्षात घ्यावा, कारण इथेच घात होतो. जुनी तबकडी जड असते, वाकत नाही, नखाने वाजवली तर टणकन बोलते आणि हातातून पडली तर कौलासारखी फुटते. ती लाखेत दगडाची पूड मिसळून केलेली असते. झाडांवरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख आपल्याच देशातून जगभर जाई. बांगड्यांतही तीच. आणि लाख स्पिरिटमध्ये विरघळते, लाकडाला पॉलिश करणाऱ्या सुताराला हे विचारावे. मोठ्या मामेभावाने आम्ही पोहोचण्याआधी उत्साहाने एक तबकडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसून ठेवली होती. फडके काळे झाले म्हणून त्याला मळ निघाल्याचा आनंद झाला होता. निघाली होती ती तबकडीच. खाचा बुजून मधला पट्टा गुळगुळीत झाला होता. नंतरच्या प्लॅस्टिकच्या तबकड्यांना पातळ केलेले स्पिरिट चालते, लाखेच्या तबकडीला थेंबभरही नाही.

बुरशीचे काम बाहेर अंगणात केले, नाकाला फडके बांधून. आधी कोरड्या ब्रशने पांढरा थर हलकेच झटकला. इथे खनिजाची धूळ नव्हती, म्हणून चालते. मग तेच साबणाचे पाणी, पण लाखेची तबकडी भिजत ठेवायची नाही. एका वेळी एक, झटपट, आणि लगेच टिपून कोरडी. मामी पायरीवर बसून बघत होती. ‘हळू पूस रे, ताचो आवाज वतलो,’ ती दर पाच मिनिटांनी म्हणे. आमची ही कन्नडात ‘मेल्लगे, मेल्लगे’ म्हणत होती. दोन भाषांतून एकच सूचना ऐकत मी दोन दिवस काढले.

खरा प्रश्न पाकिटांचा निघाला. बुरशी राहते ती कागदात. स्वच्छ तबकडी जुन्या पाकिटात परत घातली की पहिल्या पावसात पुन्हा पांढरी. म्हणून पाकिटे टाकून द्यावीत, हा नियम. पण मामांनी प्रत्येक पाकिटावर शाईने लिहून ठेवले होते. कुठे घेतली, कितीला, कोणत्या साली. सर्वांत जुनी तारीख १९६३ ची, मामा मुंबईला नोकरीत असतानाची. काहींवर ‘चवथीला लावली’ अशी नोंद, एकावर थोरल्या मुलाच्या बारशाची. मामींना वाचता येत नाही, पण अक्षर ओळखू येते. पाकिटे जाळायची असे मी म्हणताच तिने एक उचलून पदराखाली घेतले. मग ती काही बोलली नाही, आणि मीही वाद घातला नाही.

आम्ही असे केले. प्रत्येक पाकिटाचे मोबाइलवर दोन्ही बाजूंनी छायाचित्र घेतले. पाकिटे दिवसभर उन्हात ताणून घातली, ब्रशने झटकली आणि एका झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांसह, वेगळी ठेवली. ट्रंकेपासून लांब, मामींच्या खोलीत. तबकड्यांसाठी साध्या जाड कागदाची नवी पाकिटे धाकट्याच्या मुलीने कापून चिकटवली आणि आजोबांच्या नोंदी जशाच्या तशा पेन्सिलीने त्यावर उतरवल्या. जुनी बारीक मोडी वळणाची अक्षरे लावायला तिला वेळ लागला. त्या निमित्ताने तिने मामींना जेवढे विचारले, तेवढे वर्षभरात विचारले नसेल.

अकरा तबकड्यांची लेबले कसरीने खाल्ली होती. त्या वाजवल्याशिवाय कळायला मार्ग नव्हता. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे ध्वनिमुद्रण झाले तेव्हा गाणे संपताच त्या स्वतःचे नाव इंग्रजीत सांगत. तबकड्या जर्मनीत हॅनोवरला छापल्या जात आणि तिथल्या कामगारांना लेबल कुठले लावायचे ते कळावे, यासाठी. आमच्या तबकड्या त्यानंतरच्या, त्यांत कोणी नाव सांगत नव्हते. पण मामी होती. सुई टेकली की दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला ती ‘हें चवथीचें’, ‘हें दिवाळेचें’ असे सांगे. गायक तिला सांगता येत नव्हता, दिवस सांगता येत होता. माटोळीखाली प्लेअर ठेवून मामा पहाटे लावायचे ते पद लागले तेव्हा मोपाच्या विमानतळावर उतरणारे विमान घरावरून गेले आणि अर्धा अंतरा त्यात बुडाला. तिने हाताने खूण केली. पुन्हा लावले.

एका तबकडीने आमच्या हिला उठून बसवले. लेबल अर्धे होते, त्यावर ‘गांधारी’. गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर हे नाव छापले जाई. आपण ज्यांना भारदस्त, जवळजवळ पुरुषी आवाजासाठी ओळखतो त्या गंगूबाईंचा हा कोवळा, वर चढणारा आवाज, आणि भाषा मराठी. धारवाडात जन्मलेल्या, हुबळीत राहिलेल्या गायिकेने मराठी भावगीते गायली आणि ती पेडण्याच्या घरात वाजली, यात त्या काळी कोणाला नवल वाटले नसेल. हिने लगेच माहेरी फोन लावून सासूबाईंना ऐकवले. तिकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. मग कन्नडातून एकच प्रश्न आला, ‘सुई बदलली का?’

प्रश्न बरोबर होता. लाखेच्या तबकडीची खाच रुंद असते. एल.पी.ची बारीक सुई तिच्या तळाशी खरडत जाते, म्हणून ७८ ची वेगळी सुई लागते. चावीच्या ग्रामोफोनवर तर पोलादी सुई प्रत्येक बाजूनंतर बदलायची असते. ज्यांनी काटकसर केली त्यांच्या तबकड्या करड्या पडलेल्या दिसतात. तो मळ नव्हे, झीज आहे. ती धुऊन जात नाही. मामांच्या सहा तबकड्या अशा होत्या, तीन तडकलेल्या आणि एक स्पिरिटने गेलेली. चौतीस वाजल्या.

त्या चौतीसही वाटणीत घ्यायच्या की नाही यावर भावांची संध्याकाळी बैठक झाली. निम्म्या-निम्म्या करायच्या तर प्लेअर कोणाकडे, हा मुद्दा निघाला. मामी आतून म्हणाली की आपण असेपर्यंत त्या माळ्यावर जाणार नाहीत आणि घराबाहेरही नाहीत. थोरल्याने बाहेरच्या ओलसर भिंतीपासून दूर, मधल्या खोलीतल्या फळीवर जागा केली. तबकड्या एकावर एक न रचता पुस्तकांसारख्या उभ्या लावल्या. न वाजणाऱ्या दहाही तिथेच राहिल्या. आमचा प्लेअर आम्ही चवथीपर्यंत तिथेच ठेवून आलो. कॅनमध्ये उरलेले पाणी धाकट्याने इन्व्हर्टरच्या बॅटरीत घातले.