शिरोरेषा तुटू देऊ नकोस

चि. सोनू,


ताईच्या बाळाच्या बारशाला पाहुण्यांना द्यायला तू कॉलेजच्या लेझर कटरवर लाकडी फ्रिज मॅग्नेट करणार आहेस, हे वाचून फार बरं वाटलं. पाठवलेला नमुनाही पाहिला. चौकोनी पट्टी आणि तिच्यावर रोमन अक्षरांत कोरलेलं नाव. माझं ऐकशील तर नावं देवनागरीत कर. आणि पट्टीवर कोरू नकोस, अख्खं नावच कापून काढ.

रोमन अक्षरं कापली की सुटी होतात, त्यांना मागून आधार द्यावा लागतो. आपल्याकडे ते काम शिरोरेषा करते. ‘ग’ची दोन अंगं एकमेकांना शिवतही नाहीत, ‘ण’ आणि ‘श’चंही तेच, पण सगळी वरच्या रेषेला धरून असतात. ‘गणेश’ काप, एकसंध हातात येईल.

‘माधव’ मात्र येणार नाही. ‘ध’ आणि ‘भ’च्या डोक्यावर रेषा खंडित असते, त्यामुळे ‘मा’ एकीकडे पडेल आणि ‘धव’ दुसरीकडे. अशा वेळी ‘ध’चं पोट शेजारच्या कान्याला जरासं भिडव. रेषा सलग ओढण्याचा मोह टाळ. ‘ध’चा ‘घ’ होतो, ‘भ’चा ‘म’, आणि पाहुण्याचं नावच बदलतं. ‘नंदा’वरचा अनुस्वारही तरंगता असतो, त्याला बारीक देठ दे. अक्षर जाडसर, गोल वळणाचं घे. मुंबईच्या ‘एक टाइप’नं केलेला ‘बालू’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि या कामाला उत्तम आहे.

सॉफ्टवेअरमध्ये अक्षरांचे पाथ केल्यावर ती युनियन करून एकजीव करायला विसरू नकोस. नाहीतर मशीन प्रत्येक अक्षराची कड वेगळी कापतं आणि जोडणाऱ्या रेषेचेच तुकडे पडतात. तीन मिलिमीटरचा बर्च प्लाय घे. वरच्या थराचे रेषे शिरोरेषेच्या दिशेनं ठेव, म्हणजे नाव मधेच मोडणार नाही. धुराचे पिवळे डाग पडू नयेत म्हणून आधी मास्किंग टेप लाव. पीव्हीसीचा तुकडा मात्र त्या मशीनमध्ये कधीही घालू नकोस. तो जळताना हायड्रोजन क्लोराइड सुटतो. त्यानं छातीलाही अपाय होतो आणि मशीनही गंजतं.

एक गोष्ट तुला मुद्दाम सांगायची आहे. तुमच्या लॅबमधल्या मशीनमधला कार्बन डायऑक्साइड लेझर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा आणि इंजिनिअरिंगचं शिक्षण पुण्याचं. त्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, म्हणजे डोळ्यांना तो दिसतच नाही. लाकडावर दिसणारा लाल ठिपका फक्त जागा दाखवण्यासाठी असतो. लाकूड हा किरण चटकन शोषतं आणि जागच्या जागी त्याची वाफ होते, म्हणून करवतीनं न जमणारी वळणं तो सहज घेतो. आपल्या लिपीतल्या वेलांट्या या किरणानं कापल्या जाव्यात याचा मला मनापासून आनंद आहे.

आता चुंबकाचं. निओडिमियमच्या चिमुकल्या चकत्या जोरदार असतात, पण या कामाला त्या वापरू नकोस. पाहुण्यांच्या घरी रांगती मुलं असतील, आपलं बाळही रांगू लागेल. अशा दोन चकत्या पोटात गेल्या तर आतड्याच्या भिंती मधे धरून एकमेकींना चिकटतात, आतड्याला भोक पडतं. त्यापेक्षा फेराइटचा मोठा, काळा, चपटा तुकडा घे आणि इपॉक्सीनं पक्का बसव. देताना प्रत्येकाला तोंडी सांग, की हे दाराच्या वरच्या भागात, लहान हातांना पोचणार नाही असं लावा.

तुझा,
मामा