कमरेचे ओझे

२०१६ च्या पावसाळ्यात वाडीतील आमच्या घरात चोर शिरले, वृद्ध वडिलांना मारहाण झाली आणि मी रिव्हॉल्व्हरच्या परवान्यासाठी अर्ज केला. १९५९ च्या शस्त्र कायद्यान्वये जिवाला धोका असल्याचे पटवून द्यावे लागते. चौकशी, प्रशिक्षण, हेलपाटे! परवाना मिळाल्यावर दुकानदाराने पिस्तूलही दाखविले. परंतु मॅगझिन काढले तरी त्यात एक गोळी राहू शकते, हे ऐकून मी कानपूरच्या सरकारी कारखान्याचे.३२ रिव्हॉल्व्हर घेतले. त्याची सहाही घरे उघडून पाहता येतात.

ते म्यानात, सदऱ्याखाली झाकून बाळगायचे. पहिल्याच रविवारी मिस्सेत गुडघे टेकताना ते बरगडीला टोचले. घरी येताच पत्नीने विचारले, “अहो, शांतीचं अभिवादन कोणत्या हातानं केलंत?”

स्वसंरक्षण पाप नव्हे. इतरांच्या जीविताची जबाबदारी असलेल्याचे ते कर्तव्यही ठरते, ही ख्रिस्तसभेची शिकवण मी तिला सांगितली. ती मला आजही मान्य आहे. परंतु पेत्रानेही तलवार उपसली ती गुरूच्या रक्षणासाठीच, आणि कान तुटला तो मल्ख नावाच्या एका दासाचा.

एका रात्री केळीत सळसळ झाली. मी बॅटरीचा झोत टाकला. पंप बंद करायला आलेला धाकटा भाऊ डोळे मिचकावीत उभा होता. माझे बोट चापावर होते.

२०१९ च्या निवडणुकीत शस्त्र पोलीस ठाण्यात जमा केले. मतमोजणी आटोपली, तरी ते आणायला मी कित्येक आठवडे गेलो नाही. वडिलांनी मात्र रोज विचारले.