काढून घेताना

दिवाळीला खकनारला माहेरी आले, तेव्हा एक पॅच तपासायचा राहून गेला होता. लिनक्स कर्नलमधला, यूएसबीला जोडायच्या एका मोजणीयंत्राच्या ड्रायव्हरचा. जेमतेम चाळीस ओळी. दोनदा वाचून झाला होता. खाली 'रिव्ह्यूड-बाय' लिहून माझं नाव टाकलं की सुटले. ही ओळ म्हणजे हमी नव्हे, असं कर्नलचे नियमच सांगतात. पण ती दिसली की पुढचा माणूस कमी बारकाईने वाचतो. मीही तेच करते. दोन वर्षांपूर्वी असंच नाव टाकलं होतं, आणि चूक निघाली ती दुसऱ्याच कुणाच्या मशीनवर.

भाचा शेजारी बसून पेनड्राइव्हवर गाणी उतरवून घेत होता. मध्येच त्याने तो ओढून काढला. "आत्या, असं काढलं तर काही होतं का गं?"

होतं ना. चालू मशीनमधून वस्तू कधी उपटली जाईल, याला धरबंध नसतो. ड्रायव्हर लिहिणारा तिचं येणं निगुतीने लिहितो, जाणं घाईत उरकतो.

मी पुन्हा डिस्कनेक्टचा भाग उघडला. आधी रांगेतलं काम रद्द, मग यूआरबी, म्हणजे यूएसबीवरच्या मागण्यांच्या चिठ्ठ्या, थांबवायच्या, मग मेमरी सोडायची. दिसायला ठीक. पण चिठ्ठी थांबवली तरी तिचा शेवटचा निरोप ड्रायव्हरकडे येतोच, आणि इथे तो निरोपच नवं काम रांगेत लावत होता! ते काम सुरू होईपर्यंत मेमरी दुसऱ्या कुणाची झालेली. दहादा उपटून पाहिलं तरी कळणार नाही. अकराव्यांदा मशीन गोठेल, नाहीतर गुपचूप भलत्याच जागी काहीतरी लिहिलं जाईल. उपाय एवढाच: आधी चिठ्ठ्या, मग काम.

आजी सामायिकाला बसण्याआधी पुंजणीने जागा पुंजून घ्यायची, आणि उठताना आसन उचललं की खाली पुन्हा बघायची. आदान-निक्षेपण समितीत उचलणं आणि ठेवणं दोन्ही येतं, म्हणायची. त्या दुसऱ्या बघण्याचा मला लहानपणी फार कंटाळा यायचा.

तेवढ्यात लाइट गेली. मोबाइलच्या नेटवर उत्तर लिहिलं: क्रम बदला, नाव आत्ता टाकत नाही.

दुसऱ्या दिवशी दुरुस्त पॅच आला. तो मी शेवटाकडून वाचायला घेतला.