गिअरबॉक्सवरचा सेन्सर

आज ऑटोमॅटिक गाडीचा स्पीड सेन्सर घरीच बदलला. चालत्या गाडीत काटा मधूनच शून्यावर यायचा, गिअर झटक्यानं पडायचे. गाडी स्टँडवर घेतली (नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरणं मला मान्यच नाही), बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. बोल्ट सहज सुटला. सेन्सर मात्र ओ-रिंगनं घट्ट धरलेला, हलके फिरवत बाहेर काढला. मग बराच वेळ तो न्याहाळत बसलो. हा हॉल जातीचा. गिअरबॉक्समधल्या दातेरी चक्राचा एकेक दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं, त्यावरून वेग कळतो. एडविन हॉलनं १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ वर्खावर पाहिलेला परिणाम इथं, गिअरबॉक्सच्या तेलकट अंधारात राबतोय! केवढं विलक्षण! नव्या ओ-रिंगला तेलाचं बोट लावून सेन्सर बसवला. काटा आता स्थिर आहे. गिअर उद्या घाटात बघेन.